दोनशे चौदाव्या ओळीचा धनी

दौलत कुमरे खोटं बोलत नव्हता, हीच तर पंचाईत होती.

नागपूरच्या प्रशिक्षण संस्थेत जानेवारीतल्या त्या सकाळी अकरा देशांतले तेवीस रेल्वे-सुरक्षा तज्ज्ञ जमले होते आणि कानात भाषांतराची बोंडं घालून दौलतचा आवाज ऐकत होते. स्वतः दौलत तिथे नव्हता. तो ऐंशी किलोमीटरवरच्या बोरखडीत आपल्या अंगणात बसून फोनवर बोलत होता. आणि पलीकडून त्याला प्रश्न विचारत होतं एक यंत्र.

"राम राम दौलतभाऊ. मी माणूस नाही जी, मशीन आहो. हे आंदीच सांगून देतो. बोलाची इच्छा नसंल तर नाही म्हना."

"इचारा ना. मशीन तर मशीन."

सभागृहात हसू पिकलं. व्यासपीठावर बसलेली केतकी देवतळे तेवढी हसली नाही. पन्नाशीची, वर्ध्यात वाढलेली आणि गेली आठ वर्षं या तज्ज्ञ मंडळाची सदस्य असलेली केतकी आज या कार्यक्रमाची यजमान होती. मंडळाच्या ग्रंथाच्या पुढच्या आवृत्तीची मुख्य संपादक म्हणून दुपारी तिचंच नाव जाहीर व्हायचं होतं.

या ग्रंथाबद्दल दोन शब्द सांगायलाच हवेत. रेल्वेमार्ग बांधताना कुठे काय बिघडू शकतं ते आधीच कसं ओळखावं, ते नोंदवहीत कसं लिहावं, त्यावर उपाय काय आणि तो करणार कोण, हे सगळं पुराव्यानिशी कसं मांडावं, याची शिकवण मंडळाने पंचवीस-तीस वर्षं खपून लिहिली होती. मोठमोठ्या देशांचे रेल्वेवाले तो ग्रंथ मानत, आणि मानून झालं की कपाटात ठेवत. नोंदवह्या भरत होत्या, सह्या होत होत्या, कागदी घोडे नाचत होते. पण रुळावरच्या माणसापर्यंत त्यातलं काय पोचतं, हे कोणीच विचारत नव्हतं. शेवटी मंडळाने ठरवलं, आता ग्रंथानेच कपाटातून उतरून विचारायला जावं. त्यातून हे यंत्र तयार झालं. त्याचं अधिकृत नाव लांबलचक होतं. नागपूरच्या मंडळींनी त्याला 'जागल्या' म्हणायला सुरुवात केली आणि तेच चिकटलं.

जागल्या आख्खी धोका-नोंदवही वाचायचा. प्रत्येक ओळीत एक धोका, त्यापुढे त्यावरचा उपाय आणि शेवटच्या रकान्यात त्या उपायाचा धनी, म्हणजे तो करायची जबाबदारी ज्याच्या शिरावर आहे तो माणूस. जागल्या त्या माणसाला सरळ फोन लावायचा आणि त्याच्याच बोलीत विचारायचा, बाबा रे, हे तुझ्या नावावर आहे, तुला माहीत आहे का? उत्तर खरं की पढवलेलं, हे तो आवाजाच्या कंपावरून वगैरे ठरवत नसे. ती जुनी थेरं कधीच मागे पडली होती. चाळीस हजार संभाषणांवर शिकलेलं त्याचं गणित साधं होतं. ज्याची नुसती सही घेतलेली असते तो 'हो हो, माहीत आहे' म्हणून मोकळा होतो. ज्याला खरोखर कोणी समजावून सांगितलेलं असतं तो जागा सांगतो, वेळ सांगतो, हवा कशी होती तेही सांगतो.

"दौलतभाऊ, नऊ वर्षांआंदी जिनिंग फॅक्टरीजवळचा दीड किलोमीटर तुमच्या नावावर लिवला होता. तुमाले मालूम होतं?"

"होतं."

"कोनं सांगतलं?"

"देवतळे मॅडमनं. खुद आल्या होत्या. सकाळची येळ होती, थंडी लय होती. अंगात राखाडी स्वेटर होतं त्यायच्या, हातात निळी फाइल. सिग्नलच्या डब्याजवळ उभ्या राहून म्हने, दौलत, जिनिंगची प्रेस चालते तवा मशीनले रूळ तुटल्याचा आवाज समजत नाही. पयल्या गाडीच्या आंदी तू पायी पाहून घेत जा."

"मंग?"

"मंग काय. लेकीचं लगन होतं त्या हप्त्यात. डोक्यातून निंगून गेलं. अन् त्याच्यात ढोके गार्डसाहेब गेले. चूक माझीच आहे जी. मॅडमची काही चूक नाही. हे लिवून घ्या."

पडद्यावरची दोनशे चौदा क्रमांकाची ओळ हिरवी झाली. जगभरातून चाचणीसाठी निवडलेल्या दहा जुन्या प्रकल्पांत सर्वांत जास्त गुण मिळवलेली ओळ ती हीच. सभागृहाने टाळ्या वाजवल्या. मंडळाचे अध्यक्ष हाल्वोर्सन, पांढऱ्या दाढीचे आणि मायाळू स्वभावाचे नॉर्वेजियन गृहस्थ, केतकीकडे वळून म्हणाले, "थंडी, स्वेटर, फाइलचा रंग! नऊ वर्षांनीही! सूचना द्यावी तर अशी."

केतकीने मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

ती त्या सकाळी सिग्नलच्या डब्याजवळ गेली नव्हती. कोणत्याच सकाळी गेली नव्हती. दौलत कुमरेला तिने पहिल्यांदा पाहिलं ते अपघातानंतरच्या चौकशीत. राखाडी स्वेटर तिने त्या दिवशी घातलं होतं आणि निळी फाइलही त्याच दिवशी तिच्या हातात होती.

झालं होतं ते असं. वर्धा नदीच्या खोऱ्यातून कोळशासाठी नवा मालवाहू मार्ग बांधला जात होता आणि त्याच्या सुरक्षेची नोंदवही केतकीकडे होती. या मार्गाचं मोठं कौतुक म्हणजे रुळांशेजारी जमिनीत पुरलेली काचेची तार. केसाएवढ्या जाडीच्या त्या तारेतून दर सेकंदाला हजारो वेळा लेसरचा प्रकाश सोडत. काचेत जागोजागी बारीक दोष असतात. त्यांच्यावर आपटून प्रकाशाचा अंश मागे येतो. जवळपासची जमीन हादरली की काच कणभर ताणली जाते आणि परत येणारा प्रकाश बदलतो. तो किती वेळाने परतला यावरून हादरा कितव्या मीटरवर बसला तेही कळतं. म्हणजे आख्खा मार्ग ऐकणारा एक अखंड कान. विदर्भातल्या थंडीत पोलाद आकसू पाहतं, पण जोडून लांबच लांब केलेल्या रुळाला आकसायला जागा नसते; तो स्वतःलाच ताणत राहतो आणि एखाद्या कच्च्या जोडाशी फटकन तुटतो. तो 'फट' आवाज ही तार ओळखायची आणि गाड्या थांबवायची. मग रोज सकाळी हातोडी आणि पाना घेऊन आपला टापू पायी तपासणाऱ्या कीमॅनची गरज काय? त्यांचे टापू तिप्पट लांब केले गेले आणि फेरी रोजऐवजी आठवड्यातून एकदा झाली.

सगळं छान होतं, पण एक जिनिंग आडवं आलं. बोरखडीला रुळांना लागून कापसाची जिनिंग-प्रेसिंग फॅक्टरी होती. रुईच्या गाठी दाबणारी तिची अजस्र प्रेस दर तीन मिनिटांनी दणका द्यायची, आणि तारेला तो दणका रूळ तुटल्यासारखाच वाटायचा. चाचणीच्या चार दिवसांत अकरा वेळा गाड्या उगाच थांबल्या. वरून ओरड झाली. तेव्हा यंत्र बनवणाऱ्यांनी त्याला शिकवलं, की या दीड किलोमीटरात दणका ऐकू आला तर काणाडोळा कर. यंत्र आज्ञाधारक होतं. त्याने काणाडोळा केला. आता कापूस येतो थंडीत, जिनिंग चालते थंडीत आणि रूळ तुटतात तेही थंडीतच. म्हणजे ऐन गरजेच्या दिवसांत हा कान नेमका तिथेच बहिरा.

केतकीला हे कळलं होतं. तिनेच ते ओळ क्रमांक दोनशे चौदा म्हणून लिहिलं होतं. उद्घाटन पाच दिवसांवर आलं आणि नोंदवहीत तेवढी एकच ओळ उघडी राहिली. उघडी ओळ असताना त्रयस्थ परीक्षक सही करणार नव्हते. प्रकल्पप्रमुख म्हणाले, "देवतळे, तीनशे सात ओळींपैकी एका ओळीसाठी मंत्र्यांना थांबवायचं का? लावा एखादा माणूस." केतकीने कर्मचाऱ्यांची यादी काढली, त्या टापूचं नाव शोधलं आणि धन्याच्या रकान्यात लिहिलं, 'दौलत कुमरे, कीमॅन, ऑक्टोबर ते मार्च, रोज पहिल्या गाडीआधी पायी तपासणी.' शेवटचा रकाना होता, 'सूचना दिली काय?' तिथे लिहिलं, 'होय, प्रत्यक्ष, १४ डिसेंबर.'

सांगणारच होती ती. उद्घाटन झालं की लगेच जाऊन सांगणार होती. मग उद्घाटन झालं, सत्कार झाले, पुढचा प्रकल्प आला. अशा कामांचं असंच असतं. रकान्यात 'होय' लिहिलं की मनातूनही ते काम झाल्यासारखं वाटतं.

तीन जानेवारीला सकाळी जिनिंगजवळ रूळ तुटला. इंजिन पार झालं, मागचे डबे घसरले आणि सर्वांत शेवटच्या डब्यातले गार्ड प्रफुल्ल ढोके गेले. दौलत त्या वेळी नव्या वेळापत्रकाप्रमाणे नऊ किलोमीटर पलीकडे होता. चौकशीत त्याला विचारलं, तुम्हाला सूचना मिळाली होती का? त्याने समोरची नोंदवही पाहिली, मग केतकीकडे पाहिलं आणि म्हणाला, "लिवलं हाये तर सांगतलंच असन साहेब." केतकी समोर बसली होती. तोंड उघडायला एक श्वास पुरला असता. तो तिने घेतला नाही.

दौलतला नोकरीतून काढलं. निवृत्तीला त्याची चार वर्षं उरली होती. चौकशीच्या अहवालाने मात्र अभियंत्यांची पाठ थोपटली, की धोका आधीच ओळखला होता, धनी नेमला होता, सूचनाही दिली होती. चूक काय ती अंमलबजावणीत. तो अहवाल मंडळाच्या वाचनात आला, केतकीला बोलावणं आलं आणि दोनशे चौदावी ओळ ग्रंथाच्या सातव्या प्रकरणात आदर्श उदाहरण म्हणून जाऊन बसली. चोवीस भाषांत तिचं भाषांतर झालं आहे.

सकाळपर्यंत केतकीला मनातून एक भीती होती. जागल्या फोन करेल, दौलत 'मला कोणी सांगितलं नव्हतं' म्हणेल आणि सगळं उघडं पडेल. त्या भीतीखाली तिला, खरं सांगायचं तर, थोडं सुटल्यासारखंही वाटत होतं. आता तीही वाट बंद झाली. त्या माणसाने तिचा खोटेपणा नऊ वर्षं उराशी धरून त्याला स्वेटर घातलं होतं, हातात फाइल दिली होती. तो स्वतःला इतका बोल लावत राहिला की जे घडलंच नाही ते त्याला आठवायला लागलं. आणि चाळीस हजार संभाषणं पचवलेलं यंत्र त्याला फसलं, कारण यंत्राला खोटारडी माणसं ठाऊक होती, शरमिंदी माणसं ठाऊक नव्हती. केतकीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुपारी मंडळाची बंद दाराआड बैठक झाली. तिच्या नावाचा ठराव मांडण्याआधीच ती उठली आणि तिने सगळं सांगून टाकलं. दोन-तीन मिनिटांत संपलं. नऊ वर्षं न बोललेली गोष्ट एवढी आखूड आहे याचंच तिला नवल वाटलं.

कोणी ओरडलं नाही. हाल्वोर्सन चष्मा पुसत म्हणाले, "केतकी, आपण माणसाला दोष देत नाही, व्यवस्थेतला दोष शोधतो. ही आपली पहिली शिकवण, आणि त्यावरचं प्रकरण तूच लिहिलं आहेस. ज्या रकान्यात पुराव्याशिवाय 'होय' लिहिता येतं तो रकानाच सदोष आहे. चूक नमुन्याची आहे." आणि गंमत अशी, की ते म्हणत होते ते खरंही होतं. कोणीतरी म्हणालं, हे उदाहरण तर आता आणखी मोलाचं झालं. दुसरं कोणी म्हणालं, असं कबूल करायला धाडस लागतं. शेवटी त्यांनी चक्क टाळ्या वाजवल्या. पुढच्या आवृत्तीत 'संबंधित अभियंत्याच्या प्रामाणिकपणामुळे' असं एक वाक्य घालायचंही ठरलं. मुख्य संपादक म्हणून तिचं नाव आता जास्तच शोभेल, असंही एक जण म्हणाला.

एकटी अचिएंग ओधिआंबो तेवढी हात बांधून बसली होती. केनियाच्या रेल्वेत वीस वर्षं रुळांची कामं केलेली, कमी बोलणारी बाई.

"पुस्तकात त्या कीमॅनचं नाव आहे?" तिने विचारलं.

"नाही. नुसतं 'कीमॅन' आहे," केतकी म्हणाली.

"आणि नोकरीतून काढलं तेव्हा?"

"नावानिशी काढलं."

"म्हणजे दोष न देण्याची ही सवलत हुद्दा बघून मिळते." अचिएंगने कागद गोळा केले. "त्याला कोण सांगणार आहे? की तेही यंत्रच सांगेल?"

उंटावरून शेळ्या हाकणाऱ्या त्या खोलीतले सगळे केतकीकडे पाहू लागले. केतकीने संपादकपद नको म्हणून सांगितलं. चौकशी पुन्हा उघडावी असं पत्र तिने संध्याकाळच्या आत पाठवलं. यात तिचीही नोकरी जाऊ शकते, हे तिला ठाऊक होतं. पण पत्र लिहिताना तिच्या लक्षात आलं की हेसुद्धा पुन्हा एक रकाना भरणंच आहे. सकाळी उठून ती बोरखडीला निघाली.

दौलत अंगणात बाज विणत होता. सुतळी पायाच्या अंगठ्यात अडकवून ताणत बसलेला तो काटक म्हातारा गाडी थांबलेली पाहून उठला. केतकीला त्याने ओळखलं आणि लगबगीने डोक्याचा रुमाल काढला.

"मॅडम! तुमी कायले आल्या येवढ्या दूर?" मग त्याचा चेहरा पडला. "काल मशीनले मी काही चुकीचं तर नाही सांगतलं? तुमाले तरास तर नाही ना होनार माह्या बोलन्यानं?"

या वाक्यासाठी केतकी तयार नव्हती. वाटेत तिने काय काय बोलायचं ते घोकलं होतं; ते सगळं विसरून ती म्हणाली, "दौलतभाऊ, मी तुम्हाला कधीच काही सांगितलं नव्हतं. मी आलेच नव्हते."

"आलत्या जी."

"नाही आले. नोंदवहीत खोटं लिहिलं मी."

दौलत तिच्याकडे समजुतीने पाहून हसला. लहान मुलाची चूक पोटात घालताना हसतात तसा. "मॅडम, तुमी मोठ्या मनाच्या आहा. माह्या म्हातारपनाचा इचार करून म्हनता. पन मले सारं आठवते. डब्याजवळ उभ्या होत्या तुमी. हात चोळत होत्या थंडीनं."

"ते स्वेटर चौकशीच्या दिवशीचं आहे. फाइलही त्या दिवशीचीच. आठवा, चौकशीच्या खोलीत मी तुमच्या समोर बसले होते."

"थे येगळं. हे येगळं."

आपण निर्दोष आहोत हे तो ऐकूनच घेत नव्हता. खोटं बोलायला केतकीला एक रकाना पुरला होता. खरं पटवायला शब्द पुरत नव्हते. बोलणं ऐकून घरातून त्याची मुलगी आचल बाहेर आली. तिशी ओलांडलेली, माहेरी आलेली. हातातलं सूप तिने खाली ठेवलं आणि बापाशेजारी उभी राहिली.

"कोनत्या रोजी सांगतलं म्हून लिवलं होतं?" तिने विचारलं.

"चौदा डिसेंबर."

"अन् तुमी कुठं होत्या त्या रोजी?"

केतकीने फोन उघडला. त्या दिवसाचं विमानाचं तिकीट तिने जुन्या ईमेलांतून रात्रीच शोधून ठेवलं होतं. पुराव्याशिवाय बोलू नये, हे तर तिनेच जगाला शिकवलं होतं. आचलने वाचलं. नागपूर ते दिल्ली, सकाळी साडेसहा. परत पंधरा तारखेला. तिने दोनदा वाचलं आणि फोन परत दिला.

"बाबा, ह्या दिल्लीले होत्या."

दौलत बाजेच्या काठावर बसला. अंगठ्यातली सुतळी सुटून पडली.

"माह्या सासूनं मले काय म्हटलं मालूम आहे तुमाले?" आचल केतकीकडे न बघताच बोलत होती. "पांढऱ्या पायाची. लगन लागलं अन् तीन हप्त्यात एका मानसाचा जीव गेला, मंग बापाची नोकरी गेली. म्हने, हिच्या लगनाच्या धांदलीत बाप काम इसरला. नऊ वर्षं मी मान खाली घालून आयकलं. का, तर खरंच होतं थे. बाबाच म्हनत होते ना." मग ती केतकीकडे वळली. "अन् तुमाले टायमच नाही भेटला?"

"भेटला होता," केतकी म्हणाली. "मला हिंमत झाली नाही. मला लाज वाटते." शब्द खरा होता आणि अंगणात पडून राहिला. कोणी तो उचलला नाही.

दौलतने विचारलं, "मंग मी इसरलो नाही?"

"नाही दौलतभाऊ."

"लगनाच्या गडबडीत माह्या डोक्यातून काहीच निंगून गेलं नाही?"

"काहीच नाही. तुम्हाला त्यातलं काही माहीतच नव्हतं."

त्याने लेकीकडे पाहिलं. "आयकलं का बाई? तुह्या लगनापायी काहीच नाही झालं." आणि मग तो रडला. आवाज न करता, तोंड रुमालात घालून, बराच वेळ. आचलने त्याच्या पाठीवर हात ठेवला. केतकी उभीच होती. जवळ जायचा हक्क आपल्याला नाही, एवढं तिला कळत होतं.

तोंड पुसून दौलत उठला, तेव्हा त्याचा आवाज बदललेला होता. त्यात मघाची अजिजी नव्हती. "ढोके साहेबाच्या घरी कदी गेल्या तुमी?"

"नाही."

"मी जातो. दर साली तीन जानेवारीले पुलगावले जातो. पयल्या साली बाईच्या पायावर डोकं ठेवलं. म्हटलं, माह्या हातानं झालं, माफी द्या. तिनं दिली." त्याने खाटेखालच्या चपला पायात सरकवल्या. "आता तुमी चला. मी काही बोलनार नाही. मी लय बोललो."

पुलगावपर्यंतच्या पाऊण तासात दौलत पुढे बसला होता आणि वळणं तेवढी हाताने दाखवत होता. ढोक्यांचं घर बाजारामागच्या गल्लीत होतं, दोन खोल्यांचं, समोर तुळस. दौलतने कडी वाजवली. दार उघडणाऱ्या वर्षाबाई पंचावन्नच्या आसपासच्या होत्या. शाळेत शिकवत असाव्यात, बोटांना खडूची पूड होती.

"दौलतभाऊ? अहो, या महिन्यात तर येऊन गेले न तुम्ही?"

दौलत सरळ आत गेला आणि भिंतीशी असलेल्या खुर्चीवर बसला. वर्षाबाई बघतच राहिल्या. मग हसून म्हणाल्या, "आज आत आले! नऊ वर्षांत पहिल्यांदा. नाही तर दारातूनच हात जोडून जातात, पाणीसुद्धा घेत नाहीत." त्यांची नजर उंबऱ्याबाहेर गेली. "आणि ह्या कोण?"

"त्याच सांगतीन," दौलत म्हणाला.

केतकीने आपलं नाव सांगितलं. पुढे हुद्दा सांगायचा तिचा रिवाज होता. तो तिने गिळला. नमुना, रकाना, व्यवस्था, यंत्राने केलेला काणाडोळा, यातलं सगळं खरं होतं आणि या दारात त्यातलं काहीच सांगण्यासारखं नव्हतं.

"तुमचे यजमान गेले ते माझ्यामुळे," ती म्हणाली. "तिथे धोका आहे हे मला ठाऊक होतं. दौलतभाऊंना कळवलं असं मी लिहून ठेवलं, पण कळवलं नव्हतं. ह्यांना काहीच माहीत नव्हतं. आणि चौकशीत मी गप्प बसले."

वर्षाबाईंनी दाराची चौकट धरली. केतकीकडे त्यांनी क्षणभरच पाहिलं. मग वळून त्या दौलतकडे पाहत राहिल्या, खुर्चीच्या कडेला अवघडून बसलेल्या त्या म्हाताऱ्याकडे, त्याच्या गुडघ्यांवर ठेवलेल्या हातांकडे.

"दर वर्षी हे माझ्यापुढे वाकत होते," त्या हळूच म्हणाल्या, "आणि मी मोठ्या मनाने माफ करत होते. मग मी माफ केलं कोणाला?"

वर्षाबाई आत गेल्या, पाण्याचा तांब्या घेऊन आल्या आणि दौलतपुढे ओणवून त्यांनी तो त्याच्या हातात दिला. केतकी उंबऱ्याबाहेर उभी होती. तिला कोणी आत या म्हटलं नाही, आणि जा असंही म्हटलं नाही.